सायकली नेता येतील आणि चालवायलाही मजा येईल अशी गाडी कशी निवडावी

गाडी घेताना सायकलीचा विचार बहुतेक जण सगळ्यात शेवटी करतात. मॉडेल ठरतं, रंग ठरतो, बुकिंग होतं आणि ‘रॅक काहीतरी बसेलच’ असं म्हणून विषय पुढे ढकलला जातो. मग रॅकवाला सांगतो की टप काचेचा आहे, मागच्या दारावर प्लास्टिकचा स्पॉयलर आहे आणि या आवृत्तीला टो-हुक (ट्रेलर ओढायचा मागचा हुक) बसवायची कंपनीची परवानगीच नाही. दुसरी चूक नेमकी उलटी असते. सायकली न्यायच्या म्हणून गरजेपेक्षा उंच आणि जड गाडी घेतली जाते. सायकली महिन्यातून दोनदा निघतात आणि बाकी सगळे दिवस ते धूड कंटाळत हाकावं लागतं.

दोन्ही चुका क्रम चुकल्यामुळे होतात. आधी सायकल मोजायची, मग ती कुठे बसणार ते ठरवायचं, मग गाडीच्या पुस्तिकेतले आकडे बघायचे आणि त्यानंतरच गाड्या बघायला बाहेर पडायचं.

## तयारी

पाच मीटरचा टेप, घरातला वजनकाटा, मोठा पुठ्ठा, जुनी चादर, बकलचे तीन-चार पट्टे आणि एक वही काढून ठेवा. गाडी बघायला जाताना सायकलही सोबत न्यायची आहे. शोरूममध्ये चिखलाच्या टायरची सायकल घेऊन शिरायला संकोच वाटतो, पण विकणाऱ्याला सवय असते. नसली तर लावून द्या.

## टप्पा १: नेहमीची फेरी लिहून काढा

वहीत चार गोष्टी लिहा: सायकली किती, त्या कोणत्या प्रकारच्या, सोबत माणसं किती आणि सायकली उचलून चढवणार कोण. इथे ‘जास्तीत जास्त किती’ हा प्रश्न विचारायचा नाही, ‘बहुतेक वेळा किती’ हा विचारायचा. वर्षातून एकदा पाच सायकली न्यायच्या असतील तर त्या दिवसापुरतं मोठं वाहन भाड्याने घ्या. त्या एका दिवसासाठी सात आसनी गाडी पोसण्यात अर्थ नाही.

उचलणारा कोण, ही बाब लोक हमखास विसरतात. पंचवीस किलोची इलेक्ट्रिक सायकल खांद्याच्या वर नेऊन टपावर ठेवणं धडधाकट माणसालाही जड जातं, आणि दिवसभर चालवून दमल्यावर तर नकोच वाटतं.

गाडी सायकलींसह कुठे उभी राहणार आहे, तेही लिहा. वाटेत जेवायला थांबणं, मुक्कामी रात्रभर गाडी बाहेर असणं, तळघरातलं पार्किंग यातलं काही नेहमीचं असेल तर पुढच्या निवडीवर त्याचा थेट परिणाम होतो.

## टप्पा २: सायकल मोजा

हा टप्पा घरी, शांतपणे करायचा. प्रत्येक सायकलीसाठी वेगळा रकाना करा आणि पुढची मापं घ्या.

१. एकूण लांबी, टायरच्या टोकापासून टोकापर्यंत. मोठ्यांच्या सायकलीत ती साधारण १७० ते १९० सेंमी भरते.

२. दोन चाकांच्या मध्यांतलं अंतर. रोड सायकलला ते १०० सेंमीच्या आसपास असतं, आताच्या माउंटन सायकलला १२० किंवा जास्तही. रॅकची पन्हळ (चाकं ठेवायची खाच) आपल्या सायकलीला पुरेल का, हे या मापावर ठरतं.

३. पुढचं चाक काढल्यावर फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) टोकापासून मागच्या टायरपर्यंतची लांबी. रोड सायकलला साधारण १३५, मोठ्या चाकाच्या माउंटन सायकलला १५५ ते १६०. सायकल गाडीच्या आत ठेवायची असेल तर सगळ्यात महत्त्वाचं माप हेच.

४. हँडलची रुंदी. रोड सायकलचं हँडल ४० ते ४४ सेंमी, माउंटन सायकलचं ७४ ते ८०. दोन माउंटन सायकली शेजारीशेजारी उभ्या करताना अडतं ते इथेच.

५. जमिनीपासून सीटपर्यंतची आणि हँडलपर्यंतची उंची. सीट पूर्ण खाली केल्यावर किती उरते, तेही लिहा.

६. टायरची रुंदी. जाड टायर प्रत्येक रॅकच्या पन्हळीत बसत नाही.

७. पुढच्या चाकाच्या मधला दांडा, म्हणजे अ‍ॅक्सल. झटपट उघडणारी जुनी पद्धत (फोर्कच्या टोकांमध्ये १०० मिमी), १२ किंवा १५ मिमी जाडीचा, आरपार घालून आवळायचा थ्रू-अ‍ॅक्सल, आणि त्यातही १०० आणि ११० मिमी रुंदीचे वेगळे. फोर्क धरणारा रॅक घ्यायचा तर हे जुळायला हवं, नाहीतर अडॅप्टर लागतो.

८. वजन. आधी स्वतः काट्यावर उभे राहा, मग सायकल उचलून राहा आणि वजाबाकी करा. कंपनीच्या पत्रकातल्या वजनावर विसंबू नका. त्यात पेडल, बाटलीचे पिंजरे, दिवे, मडगार्ड धरलेले नसतात.

फ्रेम कार्बनची आहे का, याचीही नोंद करा. कार्बनची वरची किंवा खालची नळी रॅकच्या चिमट्याने आवळायची नसते. अशा सायकलीला टायर धरून ठेवणारा रॅक किंवा फोर्क धरणारा रॅक लागतो.

आता पुठ्ठा घ्या. पुढचं चाक काढलेली सायकल त्यावर आडवी ठेवून बाह्याकार काढा आणि कापा. प्रत्येक गाडीत अख्खी सायकल घालून बघणं शक्य नसतं, तेव्हा पहिली चाळणी हा पुठ्ठा लावतो. त्याच्या पाठीमागे एक लाकडी पट्टी चिकटवून घ्या. पुठ्ठा वाकतो आणि ‘बसली’ असं खोटं सांगतो.

पडताळणी: सगळ्या सायकलींचं एकूण वजन वहीत आलं का? सगळ्यात लांब आणि सगळ्यात रुंद सायकल कोणती, त्यावर खूण केली का?

## टप्पा ३: आत, मागे की टपावर?

निवड खरी इथे होते. गाडीचं मॉडेल त्यानंतर आपोआप दोन-तीन पर्यायांवर येतं.

### आत

एक किंवा दोन सायकली आणि एक किंवा दोन माणसं, एवढाच नेहमीचा मामला असेल तर आतच ठेवा. रॅक नको, वाऱ्याचा अडथळा नको, पावसाची चिंता नको, वाटेत थांबलात तर चोराच्या नजरेतही येत नाही. गाडी चालवायला जशी आहे तशीच राहते. मजा हवी असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

अडचण उंचीची. रोड सायकल चाक काढूनही सीटपाशी ९० सेंमीच्या वर जाते आणि बऱ्याच स्टेशन वॅगनच्या (मागे लांब डिकी असलेल्या बुटक्या गाडीच्या) डिकीत तळापासून छतापर्यंत ८० सेंमीच्या आसपासच जागा असते. म्हणजे सीटपोस्ट (सीटखालचा दांडा) काढायचा किंवा सायकल आडवी झोपवायची. झोपवायची असेल तर गिअरची बाजू वर. दोन सायकली एकमेकींवर झोपवल्या तर मध्ये जाड चादर, आणि वरची सायकल तोंड फिरवून उलट दिशेला.

उंच छताच्या व्हॅनसारख्या गाड्यांत सायकल उभी राहते. लाकडी फळीवर फोर्क धरणारा ठोकळा पक्का करून ती फळी डिकीत टाकली की दोन सायकली उभ्या, न हलता जातात. हँडल एकमेकांत अडकू नयेत म्हणून एक थोडी पुढे, दुसरी मागे. काही छोट्या गाड्यांतही युक्ती असते. होंडा जॅझमध्ये पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे, त्यामुळे मागच्या सीटची बैठक सिनेमागृहातल्या खुर्चीसारखी वर उचलता येते आणि पुढच्या सीटमागे, चाक काढलेली सायकल गाडीच्या रुंदीत उभी करता येते. बाहेरून गाडीचा आकार बघून हे कधीच लक्षात आलं नसतं.

सावधान: आतली सायकल बांधलीच पाहिजे. जोराचा ब्रेक लागला किंवा धडक बसली तर पंधरा किलोचं लोखंड पुढच्या सीटवर येऊन आदळतं. डिकीत बांधायला कड्या आहेत का, हे आधी बघा. बाजूच्या एअरबॅगच्या वाटेत हँडल किंवा पेडल येऊ देऊ नका.

### मागे, हुकवर

तीन-चार सायकली किंवा जड इलेक्ट्रिक सायकली असतील तर टो-हुकवरचा पन्हळीचा रॅक. सायकल गुडघ्याच्या उंचीवर चढवायची असते, गाडीच्या पाठीमागच्या सावलीत राहिल्यामुळे वाऱ्याचा त्रास टपापेक्षा कमी होतो आणि रॅक नसेल तेव्हा गाडी मोकळी. माझं मत विचाराल तर चार माणसांच्या कुटुंबाला बुटकी, लांब गाडी आणि तिला हुक, ही जोडी सर्वांत चांगली.

पण हुकवरच्या वजनाला तरफेचा नियम लागतो. समजा रॅक आणि सायकली मिळून ७० किलो आहेत आणि ते वजन मागच्या चाकांच्या १२० सेंमी मागे लटकतंय. गाडीच्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २६० सेंमी धरा. मागच्या अ‍ॅक्सलवर ७० नव्हे, जवळजवळ १०२ किलो वाढतात आणि पुढची चाकं ३२ किलोंनी हलकी होतात. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या छोट्या गाडीला ओल्या चढावर हे जाणवतं. म्हणून हुकवर चार सायकली न्यायच्या असतील तर फार आखूड गाडी घेऊ नका.

मागे लावलेल्या रॅकमुळे नंबर प्लेट आणि दिवे झाकले गेले तर बहुतेक देशांत तो गुन्हा आहे. स्वतःचे दिवे आणि नंबर प्लेटची जागा असलेला रॅक घ्या, आणि गाडीत त्याला जोडायचं विजेचं सॉकेट आहे याची खात्री करा.

### मागे, पट्ट्यांनी

डिकीच्या दाराला पट्ट्यांनी बांधायचा रॅक स्वस्त आणि हलका असतो, म्हणून लोकांचा पहिला मोह तोच. एखाद-दुसऱ्या हलक्या सायकलीला तो चालतो. बहुतेकांची मर्यादा सायकलमागे १५ किलो, म्हणजे इलेक्ट्रिक सायकल बाद. स्पॉयलर, पातळ पत्रा, प्लास्टिकचं दार, काचेची कड यांवर रॅकच्या पकडी टेकल्या तर नुकसान ठरलेलं. रॅकच्या कंपनीकडे गाड्यांची यादी असते. यादीत आपली गाडी नसेल तर ‘बसवून बघू’ करू नका. दार विजेवर उघडणारं असेल तर रॅक लावलेला असताना ती सोय बंद करायची, नाहीतर चुकून दाबलेल्या एका बटणाने दाराची यंत्रणा आणि सायकल दोन्ही जातात.

### टपावर

हुक बसत नसेल, डिकी सामानाने भरलेली असेल आणि सायकली हलक्या असतील तर टप. गाडीच्या मागच्या बाजूला काही अडकत नाही, डिकी सहज उघडते, सायकली एकमेकींना घासत नाहीत. किंमत मोजावी लागते ती वाऱ्याचा आवाज, इंधन आणि उंची यांत. दीड मीटर उंचीच्या गाडीवर रॅक बसवायचा आडवा दांडा आणि उभी सायकल धरली तर एकूण उंची २६० सेंमीच्या वर जाते. अनेक बंदिस्त पार्किंगच्या कमानी दोन मीटरच्या आसपास असतात. उरलेलं गणित तुम्ही करा.

इलेक्ट्रिक गाडी असेल तर टपावरच्या सायकली एका चार्जमध्ये मिळणारं अंतर चांगलंच खातात. अशा गाडीला आत किंवा हुकवर हेच पर्याय धरा.

पडताळणी: वहीत एकच मुख्य जागा आणि फार तर एक पर्यायी जागा लिहिलेली असावी. तिन्ही लिहिल्या असतील तर टप्पा १ पुन्हा वाचा.

## टप्पा ४: पुस्तिकेतले चार आकडे

जाहिरातीच्या पत्रकात हे आकडे बहुधा नसतात. गाडीच्या मालकासाठीची पुस्तिका मागून घ्या, किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवा.

टपाची भारमर्यादा. बऱ्याच गाड्यांत ५० ते १०० किलोंच्या दरम्यान. हा आकडा गाडी चालू असतानाचा आहे आणि त्यात दांडे व रॅकचं वजनही धरायचं असतं. ७५ किलोची मर्यादा असेल, दांडे ५ किलो, चार रॅक मिळून १६ किलो, तर सायकलींना उरले ५४. चार माउंटन सायकली तिथेच बाद.

हुकवरचं उभं वजन, म्हणजे हुकवर सरळ खाली पडणारा भार. ओढायच्या वजनाशी याची गल्लत करू नका. गाडी दीड टनाचा ट्रेलर ओढू शकते आणि तरी हुकवर उभं वजन ७५ किलोच चालतं, असं सर्रास असतं. उलट काही इलेक्ट्रिक गाड्यांना ट्रेलर ओढायची परवानगीच नसते, पण सायकल रॅकपुरता हुक चालतो. दोन इलेक्ट्रिक सायकली ५० किलो आणि रॅक १८ किलो, म्हणजे ६८. बॅटऱ्या काढून आत ठेवल्या तर प्रत्येकी अडीच ते चार किलो कमी होतात.

गाडीची एकूण वहनक्षमता. कमाल परवानगीचं वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन. समजा उत्तर ४२० किलो आलं. चार माणसं २८०, सामान ६०, सायकली ६०, रॅक २०. संपलं. डिकीत जागा दिसते म्हणून आणखी एक पेटी टाकली की मर्यादा ओलांडली. रिकाम्या गाडीच्या वजनात काही ठिकाणी चालक धरलेला असतो, काही ठिकाणी नाही. ती ओळ नीट वाचा.

मागच्या अ‍ॅक्सलची मर्यादा. हुकवर सायकली लावणाऱ्यांनी तरफेचा हिशेब करून हीदेखील तपासावी.

सावधान: हे आकडे मॉडेलचे नसतात, आवृत्तीचे असतात. मोठं इंजिन, काचेचा टप, विजेच्या सीट या सगळ्यांचं वजन वहनक्षमतेतून वजा होतं. एकाच मॉडेलच्या साध्या आवृत्तीला हुक चालतो आणि वेगळ्या बंपरच्या स्पोर्टी आवृत्तीला चालत नाही, हेही नेहमीचं आहे.

डिकीच्या लिटरच्या आकड्याला मात्र फार भाव देऊ नका. युरोपात रूढ असलेल्या मोजणीत २०० × १०० × ५० मिमीचे, म्हणजे एकेक लिटरचे ठोकळे डिकीत रचून ते मोजतात. कोपऱ्याकोपऱ्यात ठोकळे मावतात, सायकल मावत नाही. पाचशे लिटरची एक डिकी सायकल गिळते आणि तेवढ्याच लिटरची दुसरी तोंडाशीच अडवते.

## टप्पा ५: यादी तीन गाड्यांवर आणा

आता गाडीच्या बांधणीचा प्रकार निवडा. रुंद मागचं दार असलेली हॅचबॅक एका माणसाला आणि एका-दोन सायकलींना पुरते, आणि चालवायला बहुधा हीच सगळ्यात हलकीफुलकी. स्टेशन वॅगन मिळत असेल तर ती पहिली बघा. ती सेडानसारखी बुटकी, वळणावर बसकी, डिकी लांब, शिवाय टप कमी उंचीचा असल्याने वर सायकल चढवणंही सोपं. एसयूव्ही बाहेरून मोठी दिसते, पण आतला तळ उंच असतो आणि मागची काच तिरकी. खडबडीत रस्त्याने पायथ्यापर्यंत जायचं असेल तर घ्या, नुसत्या सायकलींसाठी नको. उंच व्हॅन जागेत सगळ्यांना हरवते, वळणदार रस्त्यावर मात्र संयम शिकवते. सेडानचं डिकीचं तोंड अरुंद असतं, तिला हुक किंवा टपच बरा. पिकअपच्या हौद्यात सायकली झटकन जातात. पाऊस आणि चोरी यांची तजवीज तेवढी वेगळी करावी लागते.

टपावर ठेवणार असाल तर टपाचा प्रकार बघा. उंचावलेले रेल, म्हणजे टपाच्या दोन्ही कडांवरच्या लांब पट्ट्या, असतील तर दांडे लावणं सर्वांत सोपं. टपाला चिकटलेले रेल किंवा झाकणाखालचे ठरावीक बिंदू असतील तर त्या गाडीसाठीच बनवलेला संच लागतो. साध्या टपाला दाराच्या चौकटीत अडकणाऱ्या पकडी लागतात. संपूर्ण काचेच्या टपाला काही गाड्यांत दांडेच चालत नाहीत.

## टप्पा ६: गाडी मोजा, मग सायकल घाला

आधी चालकाची सीट तुमच्या नेहमीच्या जागी आणा. हे न करता घेतलेलं प्रत्येक माप खोटं. सीट पूर्ण पुढे सरकवलेली असते तेव्हा डिकी लांबच लांब दिसते, आणि सहा फुटी माणूस बसला की त्यातले वीस सेंमी गायब होतात.

मग या क्रमाने मोजा: मागच्या दाराच्या उघड्या तोंडाची उंची, तोंडाची रुंदी खाली आणि वर वेगवेगळी, मागच्या चाकांच्या उंचवट्यांमधली रुंदी, सीट पाडल्यावर तळाची लांबी, आणि शेवटी तीच लांबी तळापासून ६० सेंमी वर. हे शेवटचं माप कोणीही घेत नाही आणि फसगत तिथेच होते. मागची काच तिरकी असेल तर तळाशी १७० सेंमी भरणारी जागा हँडलच्या उंचीवर १२०च भरते.

सीट पाडल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते, तेही बघा. पायरीवर सायकल झोपवली की एकाच जागी ताण येतो. डिकीची कड जमिनीपासून किती उंच आहे, तेही मोजा.

पुठ्ठा बसला तर सायकल आणा. चादर अंथरा, चाक काढा, सायकल घाला, दार लावा. दार लावून बघणं हा या टप्प्याचा मुख्य भाग आहे. हँडल काचेला टेकतंय का, हे दार हळू खाली आणत आतून कोणाला तरी बघायला सांगा. मग आपल्या जागी बसा, मागचं काही दिसतंय का बघा, गिअर टाकताना कोपर सायकलीला लागत नाही ना, तपासा.

हुकचा रॅक लावायचा असेल तर तो तिरका केल्यावर डिकीचं दार पूर्ण उघडतं का, हे मोजा. लांब दाराच्या गाड्यांत ते रॅकला अडकतं.

पडताळणी: पंक्चर झालं तर सुटं चाक, जॅक आणि पाना कुठे आहेत? डिकीच्या तळाखाली असतील तर रस्त्याच्या कडेला आधी सगळ्या सायकली उतरवाव्या लागतील. ही अवजारं वेगळ्या पिशवीत पुढे ठेवायला जागा शोधा.

## टप्पा ७: रिकामी चालवा, मग भरून चालवा

मजेचा प्रश्न इथे सुटतो, तोही गाडी चालवून, खुर्चीत बसून आकडे वाचून नव्हे. अश्वशक्ती आणि शून्य ते शंभरचा वेळ बाजूला ठेवा. सायकली न्यायच्या गाडीत मजा येते ती तिच्या वागण्यातून: स्टेअरिंगला वजन आहे का आणि ते चाकांची बातमी देतं का, ब्रेक पहिल्या स्पर्शाला एकदम पकडतात की दाबाप्रमाणे, वळणात गाडी झुकून रेंगाळते की एकदा झुकून स्थिर होते, क्लच आणि गिअर तुमच्या हातापायाला जमतात का. बसायची जागा खाली असेल आणि पाय सरळ पुढे जात असतील तर साधी गाडीही चांगली वाटते.

पहिली फेरी एकट्याने, ओळखीच्या रस्त्यावर घ्या. खराब पट्टा, वळणांचा पट्टा आणि वेगाचा पट्टा, तिन्ही हवेत. मोठ्या रिमवर पातळ टायर असलेली आवृत्ती दिसायला देखणी असते, पण खड्ड्यात ती तुमची आणि सायकलींचीही हाडं खिळखिळी करते. रिम एका मापाने लहान असलेली आवृत्ती मिळाली तर तीही चालवून बघा. बहुतेकदा तीच जास्त मजेची निघते.

दुसरी फेरी वजन घालून. दोन मित्रांना मागे बसवा आणि डिकीच्या अगदी कडेला चाळीस-पन्नास किलोंच्या पिशव्या ठेवा. चढावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कुरकुरतं का? उंचवट्यावरून उतरताना मागचं सस्पेन्शन तळाला टेकतं का? ब्रेक दाबल्यावर पेडल लांब जातं का? मागचा भाग फार खाली बसत असेल तर हुकच्या रॅकचं टोक उतारावर जमिनीला घासणार, हे धरून चाला. दिव्यांचा झोत खाली करणारं फिरवायचं बटण किंवा आपोआप होणारी सोय आहे का, तेही बघा. मागे वजन पडलं की दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

रिकामी मस्त चालते पण भरल्यावर डुगडुगते, आणि भरून छान पण एरवी मख्ख, अशा दोन गाड्या उरल्या तर मी पहिली घेईन आणि सायकली टपावरून काढून आत किंवा हुकवर नेईन. बहुतेक दिवस गाडी रिकामीच धावते.

## टप्पा ८: सही करण्याआधी

हुक हवा असेल तर शक्यतो कारखान्यातूनच बसवून घ्या. नंतर बसवताना त्या गाडीचीच वायरिंग हवी आणि गाडीच्या संगणकाला हुकची ओळख करून द्यावी लागते. तसं केलं तर रॅकची तार जोडताच मागचे पार्किंग सेन्सर आपसूक गप्प होतात. नाही केलं तर रिव्हर्स घेताना ते सायकलींनाच भिंत समजून ओरडत राहतात.

विमा पॉलिसीत रॅकवरच्या सायकली धरल्या आहेत का, हे लेखी विचारा.

जुनी गाडी घेत असाल तर तीन जागा बघा. टपाच्या रेलभोवतीचा गंज आणि आतल्या छताला पाण्याचे डाग, डिकीच्या कडेवरचे खोल ओरखडे, आणि हुक असेल तर क्लच. जड ट्रेलर ओढून दमलेला क्लच चढावर घसरतो. सुटा होणारा हुक नुसता दाखवून भागत नाही, लावून आणि काढून दाखवायला सांगा.

## टप्पा ९: रॅक आणि पहिली फेरी

रॅक आता घ्या, त्याआधी नाही. वजन, टायरची रुंदी, फ्रेमचा प्रकार, अ‍ॅक्सल, सगळं वहीत आहेच.

पहिल्यांदा सायकली घरी, उजेडात, घाई नसताना चढवा. सगळ्यात जड सायकल गाडीच्या जवळ, हलकी बाहेर. एकीचं पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये जात असेल तर दिशा बदला. पंप, बाटल्या, पिशव्या, सायकलचा मीटर काढून ठेवा. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या सायकलीचं चाक काढलं असेल तर ब्रेक पॅडमध्ये प्लास्टिकची चकती किंवा घडी घातलेला पुठ्ठा सरकवा. नाहीतर प्रवासात ब्रेक दाबला गेला की पॅड जवळ येतात आणि चाक परत बसत नाही.

सावधान: मागे लावलेल्या सायकलीचं टायर सायलेन्सरच्या तोंडासमोर येऊ देऊ नका, धुराची उष्णता टायर आणि कार्बन रिम दोन्ही खराब करते. पाऊस आहे म्हणून रॅकवरच्या सायकलींना कापडी आवरण घालू नका. त्याचं शीड होतं आणि रॅकवर नको तेवढा ताण येतो.

रॅकच्या पुस्तिकेत कमाल वेग दिलेला असतो, अनेकांत तो ताशी १३० किमी आहे. कायद्याची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच पाळायची. टपावर सायकली असतील तर गाडीची नवी एकूण उंची कागदावर लिहून स्टेअरिंगच्या वर चिकटवा. दहा-पंधरा किलोमीटर गेल्यावर थांबा आणि प्रत्येक पट्टा, प्रत्येक मूठ हाताने ओढून बघा. नवे पट्टे पहिल्या धक्क्यांनंतर हमखास सैल होतात. सैल झालेल्या पट्ट्याचं मोकळं टोक गुंडाळून आत खोचा. ते रस्ताभर पत्र्यावर फटफटत राहिलं तर रंग घासून काढतं.